बाटली, वाटी आणि घरातील वडीलधारी

आमच्या नातवाच्या बारशाला आप्तेष्टांकडून आलेल्या चांदीच्या वाट्या मोजल्या, त्या सात भरल्या. शहापूरच्या सराफांची त्या महिन्यात खरोखरच चांदी झाली असावी! परंतु मूल पावणेदोन वर्षांचे झाले तरी त्या सातांपैकी एकीलाही दूध लागले नव्हते. उष्टावणाच्या दिवशी एकीत खीर वाढली गेली, तेवढीच. दुधाचा सारा कारभार एका बाटलीच्या हाती होता. सकाळी डोळे उघडताच बाटली, दुपारी निजताना बाटली, संध्याकाळी किरकिर सुरू झाली की बाटली आणि रात्री तर दोन वेळा. दिवसाकाठी लिटरभर दूध सहज जाई. ‘पोर दूध छान पिते हो!’ असे आम्ही आल्यागेल्यास कौतुकाने सांगत असू. हेच पोर आमटी-भात पुढे येताच तोंड फिरवते, याचा त्या कौतुकाशी काही संबंध असेल, हे आमच्या ध्यानी आले नाही.

ध्यानी आले ते सूनबाईंच्या. एके सकाळी दात पुसताना त्यांनी बाळाचा वरचा ओठ उचलला, तो हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ आणि दोन दातांवर तपकिरी ठिपके दिसले. डॉक्टरांकडे नेले. त्यांनी दात पाहिले, पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासावयास सांगितले. हिमोग्लोबिन नऊ निघाले. या वयात ते अकराच्या खाली गेले की रक्तक्षय समजतात.

दातांचे कारण असे की, बाटली तोंडात घेऊन मूल निजले म्हणजे दूध वरच्या दातांभोवती साचून राहते. झोपेत लाळ फारशी सुटत नाही, त्यामुळे ते धुतले जात नाही. दुधातील साखरेवर जंतू पोसतात, त्यांच्यापासून आम्ल तयार होते आणि ते दात पोखरते. खालचे दात जिभेआड झाकलेले असतात म्हणून बचावतात. बळी जातात ते वरचे पुढले चार. आमच्या घरी तर त्या दुधात आजीच्या हातची चमचाभर साखरही असे. पहिलीत नाव घालण्यास येणाऱ्या मुलांच्या तोंडांत असे झिजलेले तपकिरी खुंट आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत, आणि दर वेळी पालकांना चॉकलेटाविषयी चार शब्द सुनावीत आलो आहोत. चॉकलेट निर्दोष आहे असे नव्हे. पण बाटलीविषयी आम्ही कधी कुणास विचारले नाही. ‘दुधाचेच दात, पडायचेच आहेत’ हे म्हणणेही फसवे. मागून येणाऱ्या दातांची जागा तेच राखून ठेवतात, आणि दुखऱ्या दातांनी मूल भाकरी चावणार तरी कशी?

रक्ताचे कारण त्याहून साधे. दुधात लोह अत्यल्प. शिवाय अन्नातले लोह अंगी लागण्यास दुधातील कॅल्शियम आडवे येते. आणि दुधाने पोट भरले की पालेभाजी, डाळ, नाचणी यांना जागा उरत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७.१ टक्के रक्तक्षयी आढळली. याची कारणे अनेक आहेत, सारा दोष बाटलीच्या माथी मारता येणार नाही. पण खात्यापित्या घरातले मूल त्या गणतीत असावे, हे आमच्या मनास फार लागले.

बाळाच्या बाटलीची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. तथापि बाटलीला जाहिरात लागतेच कुठे? आमच्यासारखी वडीलधारी मंडळी घरोघरी आहेत! आमच्या लहानपणी बेळगावकडे बाळांना बोंडल्याने दूध पाजीत. टोटीचे, ओंजळीत मावेल एवढे पितळी भांडे. जुने ते सारे सोने असे आम्ही म्हणणार नाही, कारण पायांवर आडव्या घेतलेल्या मुलाच्या घशात धार धरली की ठसका लागे, प्रसंगी दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असे. पण बोंडले तोंडात धरून मूल झोपी गेले, असे मात्र होत नसे.

डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले आणि बाटली तोडण्याचा क्रम सांगितला. वास्तविक सहाव्या महिन्यापासून बसत्या मुलाला वाटीतून घोट घोट पाणी द्यावे, वर्षाचे झाल्यावर बाटली कमी करीत जावी, आणि दीड वर्षापर्यंत ती बंद व्हावी. आम्हांला उशीर झाला होता. तरी प्रथम दुपारची बाटली बंद केली, आठवड्याने संध्याकाळची, मग सकाळची. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत, तेही बसून आणि जेवणानंतर. टोपणाचा पेला आणावा असे आम्ही सुचविले. पण चोखून प्यावा लागणारा पेला म्हणजे बाटलीचीच धाकटी बहीण, असे डॉक्टर म्हणाले. मग चांदीची वाटी निघाली. ती दोन्ही मुठींत बसे, आणि अर्धीच भरली की सांडण्यासारखे फारसे उरत नसे.

रात्रीची बाटली सर्वांत अवघड. तिच्यातली साखर गेली, आणि दुधात दररोज पाणी थोडे थोडे वाढवीत अखेर नुसते पाणी द्यायचे, असे ठरले. चौथ्या रात्री दोन वाजता पोराने टाहो फोडला. आम्ही हळूच उठलो, स्वयंपाकघरात दिवा न लावता निर्भेळ दूध ओतले, साखरही घातली आणि बाटली त्याच्या तोंडी दिली. दोन मिनिटांत सारे शांत. सकाळी ओट्यावरचे साखरेचे कण पाहून सूनबाई एवढेच म्हणाल्या, ‘‘मामा, त्याची बाटली सुटेल हो. तुमची कधी सुटणार?’’

त्या दिवशी घरातल्या तिन्ही बाटल्या आम्हीच बाहेर नेऊन टाकल्या. पुढच्या तीन रात्री कुणालाच झोप नव्हती. खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या घातल्या, पाणी पाजले, पाठीवर थोपटले. चौथ्या रात्री तो एकदाच उठला. त्यानंतर उठला नाही. पंधरवड्यात आमटीत कुस्करलेली भाकरी मागू लागला. तीन महिन्यांनी रक्त साडेदहावर आले. पांढरी रेघ वाढू नये म्हणून दंतवैद्याने फ्लोराइडचा लेप लावला आहे. ठिपक्यांचे दोन दात मात्र ठिपक्यांचेच राहिले; पोर हसले की आमची नजर अजून प्रथम तिकडेच जाते.

वाटी रिकामी झाली की ती फरशीवर आपटण्याचा छंद त्याला जडला आहे. सातांपैकी एकीला आता चांगले तीन पोचे आले आहेत.