उणे ३५ अंशांतही तगणारा द्राक्षवेल

द्राक्षबाग म्हटली की कोरडी, उबदार हवा डोळ्यासमोर येते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्य मात्र बर्फासाठीच प्रसिद्ध. तेथील कडाक्याच्या हिवाळ्यात युरोपातील नामवंत जातींचे वेल टिकत नाहीत. म्हणून ते लावणारे बागायतदार थंडीपूर्वी वेल तारांवरून उतरवून जमिनीवर आडवे करीत, मातीने झाकत आणि वसंतात पुन्हा उकरून काढीत. एवढ्या मजुरीवर व्यवसाय फायद्यात चालणे कठीणच.

या अडचणीवर मिनेसोटा विद्यापीठाने काढलेला एक तोडगा म्हणजे 'फ्रॉन्टेनॅक' हे काळे द्राक्ष. 'लँडॉट ४५११' ही फ्रेंच संकरित जात आणि उत्तर अमेरिकेच्या नदीकाठी वाढणारा 'व्हायटिस रिपारिया' हा रानवेल यांचा संकर १९७८ मध्ये करण्यात आला. निवड आणि चाचण्या होऊन १९९६ मध्ये ही जात लागवडीसाठी खुली झाली. पूर्ण सुप्तावस्थेतील वेल उणे ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी सोसतो. नाशिकच्या बागायतदारांची झोप उडविणाऱ्या डावणी रोगाला तो सहसा बळी पडत नाही. भुरीपासून मात्र त्याला जपावे लागते.

रानवेलाचा वारसा फुकट मिळालेला नाही. फ्रॉन्टेनॅकमध्ये साखर भरपूर उतरते. पण सामान्यतः साखर वाढताना आम्लता जितकी घटते, तितकी येथे घटत नाही. सगळी साखर आंबवून कोरडी वाइन केली, तर ती जिभेला झोंबते. पिकलेली द्राक्षे आणखी काही दिवस वेलावर ठेवणे किंवा जिवाणूंच्या साह्याने तीव्र मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करणे, हे उपाय योजले जातात. तरीही या द्राक्षाचा खरा सूर गवसतो तो गोड वाइनमध्ये.

विशेषतः 'पोर्ट' पद्धतीत. गोव्यामुळे हा शब्द आपल्याकडे परिचित आहे. रस आंबत असतानाच त्यात तीव्र मद्यार्क मिसळतात. यीस्टचे कार्य थांबते आणि उरलेली साखर तशीच राहते. एरवी खटकणारी आम्लता मग गोडव्याला मिठ्ठास होऊ देत नाही. शिवाय गडद रंग आणि चेरीची आठवण करून देणारा स्वाद असतोच.

याच वेलावर करड्या रंगाची द्राक्षे धरलेली एक फांदी आढळली. निसर्गतः झालेल्या त्या बदलातून 'फ्रॉन्टेनॅक ग्री' ही जात २००३ मध्ये आली. तिच्यापासून फिकट रंगाची वाइन होते.