पोचा काढताना

घरातल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याला पोचा पडला, की आपण आतून एक ठोसा देतो आणि भागवतो. एस.टी.च्या लाल गाडीचे तसे भागत नाही.

पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली. पुढे ॲल्युमिनियमचा पत्रा ही लाल गाडीची ओळखच झाली. बँकेतल्या बदल्यांपायी माझे निम्मे आयुष्य याच गाड्यांत गेले. सोलापुरात एका वयस्कर मिस्त्रींना असा पत्रा सरळ करताना मी कितीदा तरी पाहिले. पोच्याच्या मधोमध ते कधी घाव घालत नसत. एका अंगाला लोखंडी ठोकळा धरून, लाकडी हातोडीचे हलके ठोके देत ते कडेकडून आत सरकत. हे ॲल्युमिनियम मार खाऊन कडक होते. फार ठोकले तर ताणते, शेवटी चिरते. तापवावे, तर लोखंडासारखे लाल होऊन इशारा देत नाही; ६६० अंशांना वितळते. म्हणून पत्र्यावर आधी साबण चोळायचा. तो काळवंडला, की आच बाजूला.

अमेरिकेत एअरस्ट्रीमच्या जुन्या, चकचकीत फिरत्या घरांचे पोचे हौशी लोक असेच निगुतीने काढतात. आपल्याकडे या कामावर चुली पेटल्या.

२०१८ च्या सुमारास एस.टी.ने पोलादी बांधणीच्या गाड्या आणायला सुरुवात केली. अपघातात प्रवासी वाचावेत, हा हेतू रास्तच. काळजी आहे ती हातोडी कुठे थांबवायची, हे ओळखणाऱ्या हाताची. थोडा पोचा राहिला तरी गाडी धावते, असे मिस्त्री म्हणत. संसाराचेही तसेच असावे.