युरोपात स्टार्टअप: देश निवडण्याआधी

उल्हासनगरात जीन्स शिवणारा, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत छोटं युनिट चालवणारा किंवा बदलापूरहून रोज लोकलने मुंबईला जाऊन सॉफ्टवेअर लिहिणारा, यांच्यापैकी कुणीही युरोपात कंपनी काढायचं म्हणालं की पहिला प्रश्न येतो: कुठला देश स्वस्त पडेल? त्याआधी विचारायला हवं, की माझी कल्पना तिथे तपासणार कोण?

कारण तिथे राहून कंपनी काढायला जो स्टार्टअप व्हिसा मिळतो, तो साध्या व्यापारासाठी नसतो, कल्पनेत नावीन्य लागतं. इथली जीन्स तिकडे घाऊक विकायची, एवढ्यावर तो मिळणं कठीण. पण उल्हासनगरच्या जीन्स धुलाईचं सांडपाणी वालधुनी नदीत जाण्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला होता. ते रंगीत पाणी शुद्ध करून पुन्हा वापरायची पद्धत कुणी बसवली असेल, तर ती कल्पना युरोपात ऐकून घेतली जाईल. आपल्या भागाची अडचण हेच आपलं भांडवल ठरू शकतं, असं मला मनापासून वाटतं.

आता तपासणारे कोण ते पाहू. नेदरलँड्समध्ये स्टार्टअप व्हिसाची योजना २०१५पासून आहे. तिथे सरकारमान्य ‘फॅसिलिटेटर’शी, म्हणजे नव्या उद्योजकाला हाताशी धरणाऱ्या अनुभवी मार्गदर्शकाशी, लेखी करार लागतो. पोर्तुगालमध्ये मान्यताप्राप्त इन्क्युबेटरने, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि मदत देणाऱ्या संस्थेने, तुम्हाला स्वीकारावं लागतं. एस्टोनियात स्टार्टअप समिती आधी कल्पना पारखते. इटली आणि आयर्लंडमध्ये कल्पनेबरोबर किमान ५०,००० युरोंचं भांडवलही दाखवावं लागतं. शिवाय आयर्लंड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, त्यामुळे तिथल्या परवान्यावर फ्रान्स-जर्मनीत सहज ये-जा करता येत नाही. पदरी पैसा बेताचा पण कल्पना पक्की असेल, तर मी आधी नेदरलँड्स आणि एस्टोनियाची दारं ठोठावीन.

एस्टोनियाच्या ‘ई-रेसिडेन्सी’बद्दल मात्र सावध राहावं. २०१४च्या डिसेंबरात सुरू झालेलं हे डिजिटल ओळखपत्र आहे. त्यावर घरबसल्या तिथे कंपनी काढता येते, राहण्याचा हक्क मिळत नाही. ई-रेसिडेन्सी म्हणजेच राहण्याचा परवाना असं सांगणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नयेत.

दुसऱ्या वर्षाचंही आधीच विचारून ठेवावं. नेदरलँड्सचा स्टार्टअप परवाना एकाच वर्षाचा असतो. पुढे राहायचं तर स्वयंरोजगाराच्या परवान्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि वर्षभरात काय उभं केलं ते त्यात दाखवावं लागतं. म्हणून घरच्यांना सोबत न्यायचं की नंतर बोलवायचं, हे या पहिल्या वर्षाचा हिशेब मांडूनच ठरवावं.

पैसा बाहेर पाठवायला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत (एलआरएस) माणशी वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. परदेशी कंपनीत भांडवल घालायचं तर बँकेत वेगळे फॉर्म भरावे लागतात, तेव्हा तिकडे कंपनी नोंदवण्याआधीच सीए आणि बँकेशी बोलून घ्यावं.