पेन्सिल, पेमेंट आणि पावटे

सकाळचे पावणेआठ. एरवी या वेळी मी पांघरुणात असते. आज मात्र पुण्याच्या मंडईत, पावट्याच्या ढिगाशेजारी, हातात चहाचे दोन कप घेऊन उभी आहे. एक माझा. दुसरा जिचा, ती समोर उलट्या क्रेटवर बसलीये. मांडीवर वही, तोंडात पेनाचं टोपण. गेली दहा मिनिटं तिनं माझ्याकडे बघितलेलंही नाही.

ही माझी मैत्रीण. व्यवसाय : फ्रीलान्स इलस्ट्रेटर. तीन दिवस मागे मागे फिरू देईन, पण नाव छापायचं नाही, ही तिची अट. ''अगं, क्लायंट लोक वाचतात तुझं साप्ताहिक!'' (वाचत असतील तर त्यांनी पुढे नीटच वाचावं.)

आपल्यासारख्या नऊ ते सहावाल्यांचा एक गोड गैरसमज असतो. फ्रीलान्सर म्हणजे उशिरा उठायचं, कॉफी शॉपमध्ये लॅपटॉप उघडायचा आणि मूड आला की काम करायचं. मॅडमचा दिवस सातला सुरू होतो. रोज वीस मिनिटं स्केचिंग, मूड असो वा नसो. नियम एकच, खोडरबर नाही. पेन वॉटरप्रूफ शाईचं हवं, नाहीतर वर वॉटरकलरचा ब्रश फिरला की मावशींच्या साडीचा काळा चिखल होतो. तसली दोन-तीन पानं तिनं मुद्दाम जपून ठेवलीयेत.

मंडईची मूळ इमारत 1886ची. दगडी, मधोमध अष्टकोनी मनोरा. मला वाटलं, अवघड काम तेच. ''छे! मनोरा हलतो का? मावशी हलतात.'' हलत्या माणसासाठी तिची युक्ती भन्नाट आहे. आधी नाक-डोळे नाहीत, फक्त पाठीची रेघ आणि वजन कुठल्या पायावर आहे ते. तेवढ्यात माणूस निघून गेला तर चित्र तसंच सोडायचं आणि शेजारी दुसरं सुरू करायचं. थोड्या वेळानं कोणीतरी तस्संच उभं राहतं. मग डोकं पहिल्याचं, पाय दुसऱ्याचे! तिच्या वहीत अशी जोडाजोडीची माणसं ढिगानं आहेत. परत जाताना आम्ही मेट्रो घेतो (मंडईचं भुयारी स्टेशन सप्टेंबर 2024मध्ये सुरू झालं) आणि तिथे तर तिची चैनच. डबाभर लोक मोबाइलमध्ये मान घालून स्तब्ध. ''फुकटचे मॉडेल्स!''

रोज काढण्याचं हे वेड नवं नाही. गोव्याच्या मारिओ मिरांडांनी (1926-2011) आर्ट स्कूलची पदवी न घेता चित्रांच्या डायऱ्या भरल्या. त्यांच्या 1949, 1950 आणि 1951च्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपानं आल्या. पण तिला मारिओंबद्दल विचारलं तर ती पटकन विषय बदलते. ''त्यांच्याशी तुलना नको गं, माझं भाडं पाच तारखेला असतं.''

बुधवार. तिची खोली, म्हणजेच ऑफिस. सध्या मुलांचं 32 पानी चित्रपुस्तक चालू आहे. नायिका भाजी विकणारी आजी. सुरुवात एका मोठ्या कागदावर होते, काडेपेटीएवढ्या चौकटींत अख्खं पुस्तक! त्यात चेहरे नाहीत, नुसते काळे-पांढरे ठिपके. पान उलटल्यावर डोळा कुठे जाईल, एवढंच बघायचं. मग रफ. रफला लेखी होकार आल्याशिवाय ती पुढे हात लावत नाही. त्यानंतर शाईची रेघ, 300 डीपीआयला स्कॅन, रंग टॅब्लेटवर, कडेनं कापणीसाठी 3 मिलिमीटर जादा. भिंतीवर चिकटवलेले प्रिंटआउट सजावटीसाठी नाहीत. स्क्रीनवर झळाळणारा पोपटी छपाईत मेंगळट होतो, म्हणून पानावर कुठला हिरवा टिकतो ते ती तिथे बघते. एका कोथिंबिरीवर चाळीस मिनिटं गेली. मी घड्याळ लावून बघितलं.

दुपारी फोन. एका एजन्सीकडून. तिनं स्पीकर लावला. चित्रं एआयनं तयार झालीयेत, फक्त बोटं नीट करायची आणि सगळ्या पानांवर मुलीचा चेहरा सारखा करायचा. दोन दिवसांत. पैसे? तिच्या नेहमीच्या रेटच्या एक दशांश. ''तुमचं काय, टच-अपच तर आहे!''

''उद्या सांगते,'' म्हणाली. फोन ठेवल्यावर बराच वेळ ब्रश धूत बसली. स्वच्छ ब्रश.

आता तुम्ही म्हणाल, सरळ नाही का नाही म्हटलं? कारण ड्रॉवरमध्ये एक इन्व्हॉइस आहे, 97 दिवस जुनं. क्लायंट नामवंत, चित्रं छापूनही आली, पैसे ''प्रोसेसमध्ये''. खरं तर कायदा तिच्या बाजूनं आहे. तिची 'उद्यम' नोंदणी आहे आणि 2006च्या एमएसएमई कायद्यानुसार अशा छोट्या व्यावसायिकाला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीनं! हिशेब तिनं करून ठेवलाय. तक्रार टाकलेली नाही. ''टाकली की पुढचं काम बंद. मग काय, व्याज खाऊ?'' माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझेही दोन मानधनाचे चेक ''प्रोसेसमध्ये'' आहेत.

करारांच्या बाबतीत मात्र ती पक्की झालीये. 'सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमचे' ही ओळ दिसली की लाल पेन. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. उलट, पैसे देऊन काढून घेतलेल्या पेंटिंगचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ग्राहकच! तेव्हा तोंडी 'हो हो' वर चित्र काढणाऱ्या तमाम मित्रमैत्रिणींनो, आधी कागद करा.

गुरुवार, पुन्हा मंडई. डोळे सुजलेले. ''रात्री दोनला मेल टाकला. नाही म्हटलं. मग चारपर्यंत झोप नाही, भाड्याचा हिशेब करत होते.'' पश्चात्ताप? ''विचारू नकोस ना.'' आणि वही उघडली.

तेवढ्यात पावटेवाल्या मावशी स्वतःच डोकावल्या. पान निरखून बघितलं. ''हे मी नाय. तराजू असा धरतात व्हय? आंगठा बघ माझा.'' आणि तराजू उचलून, अंगठा दांडीवर दाबून, चक्क पोझ देऊन उभ्या! मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं. मैत्रिणीनं भराभर हात नव्यानं काढला. पुस्तकातल्या आजीचा हात तोच असणार, हे तिच्या चेहऱ्यावरून मला आधीच कळलं.

मावशींनी नवा हात पास केला. मग अर्धा किलो पावटे तोलून तिच्या पिशवीत ओतले. ती पर्स चाचपायला लागली. सुट्टे नाहीत, मोबाइलला रेंज नाही.

''उद्या दिले तर चालतील का मावशी?''

''चित्राचं चित्र, पावट्याचे पैसे आत्ता,'' मावशी म्हणाल्या. ''उधारी नाय.''

मी दिले.