पाहुणे फक्त चारशे!

हॉटेल धो धो चालतंय, सीझनला एक रूम रिकामी नाही. मग पुढे काय? कुणीही सांगेल, वर दोन मजले चढवा, शेजारचा प्लॉट घ्या! पण ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावर हा सल्ला बिनकामाचा आहे.

सिडनीहून छोट्या विमानानं साधारण दोन तासांवर हे चिमुकलं बेट. लांबी ११ किलोमीटर, गावकरी जेमतेम चारशेच्या आसपास. गाड्यांना वेगमर्यादा ताशी २५, त्यामुळे बहुतेकांची स्वारी सायकलवर. एकीकडे प्रवाळांनी भरलेलं निळंशार लगून, दुसरीकडे ८७५ मीटर उंच माउंट गॉवर. १९८२ पासून हे बेट जागतिक वारशाच्या यादीत आहे. आणि इथला सगळ्यात भारी नियम म्हणजे, बेटावर एका वेळी पर्यटक फक्त ४००!

इथलं पाइनट्रीज हे हॉटेल एकाच घराण्याची सहावी पिढी चालवतेय. लगूनच्या किनाऱ्यालगत घर, नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं तिथेच. संध्याकाळी ग्लास हातात घेऊन समोरच्या बोटशेडपाशी सूर्यास्त बघत बसायचं, बस्स! एके काळी इथे पाहुणे बोटीनं यायचे. १९४७ पासून पाण्यावर उतरणारी विमानं आली आणि १९७४ मध्ये धावपट्टी झाली. पाहुणे वाढवणं सोपं होतं, पण बेटानं मोह आवरला.

कारण एका पाहुण्यानं बेटाला चांगलाच धडा शिकवला होता. १९१८ मध्ये ‘मकाम्बो’ हे जहाज इथे खडकावर आदळलं आणि त्यातून उंदीर उतरले. त्यांनी पक्ष्यांची अंडी फस्त केली, पक्ष्यांच्या पाच जाती कायमच्या गेल्या. ज्या केंटिया पामच्या बियांवर गावाची कमाई होती, त्याही कुरतडल्या. इथला भलामोठा काडीकिडा तर संपलाच असं सगळे धरून चालले होते. २००१ मध्ये तो जवळच्या बॉल्स पिरॅमिड या सुळक्यावर सापडला!

उंदीर संपवायचे तर अख्ख्या बेटावर विष टाकायला हवं. पण मुलाबाळांचं काय? पक्ष्यांचं काय? पर्यटक फिरकलेच नाहीत तर? गावात उभी फूट पडली. २०१५ च्या कौलात निम्म्याहून जेमतेम जास्त लोक बाजूनं होते. रोज एकमेकांना भेटणाऱ्या गावात असा वाद किती बोचत असेल! शेवटी २०१९ मध्ये मोहीम झाली. दुर्मिळ वुडहेन पक्षी आधी पकडून सुरक्षित ठेवले आणि नंतर सोडले. २०२१ मध्ये पुन्हा उंदीर दिसले, तेव्हा पुन्हा कंबर कसली.

आता वुडहेन भरपूर दिसतात, जंगलात नवी रोपं तग धरतायत. मर्यादा मात्र तीच, ४००. सहा पिढ्या एकच हॉटेल चालवायचं, तर ते वाढवण्यापेक्षा समोरचं बेट टिकवणं जास्त गरजेचं. त्यांना हे पटलंय. आपल्याला कधी पटणार, बॉस?