पितळेवरची सही

जाझ वादकांच्या सह्या असलेली जुनी पितळी वाद्ये जमवणे, हा आजचा विषय. पोस्टाची तिकिटे किंवा नाणी जमवणारा शेजारी आपणा सर्वांना ठाऊक असतो. परंतु जुने ट्रम्पेट व ट्राँबोन जमवणारा माणूस मालवण-वेंगुर्ल्याकडे क्वचितच भेटेल. तरी हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. माझा जन्म कामगार संघटनेच्या कामात गेला. संगीताचे रीतसर शिक्षण मला नाही. जे थोडे कळते ते वाचून व वादकांशी बोलून. पण हत्यारावर नाव कोणाचे असते आणि ते झिजवतो कोण, हा प्रश्न आमच्या कामातला आहे, आणि ह्या छंदाच्या मुळाशीही तोच आहे.

जाझ हे संगीत विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात, मुख्यतः कृष्णवर्णी लोकांनी घडवले. लष्करी बँडमधली वाद्ये त्यांनी हाती घेतली आणि त्यांवर आयत्या वेळी सुचेल तशी रचना फुलवण्याची पद्धत रूढ केली. आपला गवई एकच बंदिश दोन मैफलींत दोन तऱ्हांनी मांडतो, हे ज्याने ऐकले आहे त्याला ह्या गोष्टीचे फारसे नवल वाटणार नाही. तथापि, असे संगीत वाजले की विरते. मागे उरते ते वाद्य, म्हणून त्याला मोल आले.

हे मोल धातूचे नव्हे. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचे मिश्रण. वजनावर विकले तर त्याचे कितीसे येणार? चार्ली पार्कर ह्या थोर वादकाचा एक सॅक्सोफोन तर प्लॅस्टिकचा होता. तो 1994 साली लंडनच्या लिलावात 93,500 पौंडांना गेला आणि आज कॅन्सस सिटीच्या संग्रहालयात आहे. पैसे पडले ते तो कोणाच्या हातात होता ह्याचे.

मग तो खरोखर त्याच हातात होता, हे ओळखायचे कसे? वाद्यावर तीन प्रकारची नावे आढळतात. पहिले कारखान्याचे, ते रुंद तोंडावर कोरलेले असते, आणि व्हॉल्वच्या नळीवर बहुधा अनुक्रमांक असतो. अमेरिकेतील एल्कहार्ट गावच्या कॉन कंपनीसारख्या जुन्या कारखान्यांच्या अनुक्रमांकांवरून वाद्य साधारण कोणत्या साली झाले ते काढता येते. वादकाच्या मृत्यूनंतर घडलेल्या वाद्यावर त्याची सही असेल, तर पुढे बोलायलाच नको. दुसरे नाव जाहिरातीचे. गेट्झन कंपनीने डॉक सेव्हरिन्सन ह्या वादकाच्या नावाचा ट्रम्पेट बाजारात आणला. असे नाव दिसले म्हणजे त्या वादकाने ते वाद्य हाती धरले होते असे मुळीच नव्हे. तिसरी ती खरी सही: स्वहस्ते शाईने केलेली, अथवा भेट देताना कोरून घेतलेली. तिला पुरावा हवा. छायाचित्र, पत्र, कार्यक्रमाचे तिकीट, आणि वाद्य कोणाकडून कोणाकडे आले ह्याची न तुटलेली साखळी. साखळी तुटली की सहीची किंमत घसरते.

आपल्या भागात आणखी एक संकट आहे. पाडवा-दसऱ्याला आपण तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासून लख्ख करतो. वाद्यावर हा प्रयोग करू नये. शाईची सही रोगणावर बसलेली असते. रोगण गेले की सही गेली. डाव्या हाताच्या पकडीखाली झिजलेला मुलामाही घासून सारखा करू नये. तो त्या वादकाच्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीचा दाखला असतो. खाऱ्या हवेत मऊ सुती कापडाने पुसणे व कोरड्या जागी ठेवणे एवढे पुरे. पितळेवर तांबूस ठिपके दिसू लागले, तर आतले जस्त निघून जात आहे असे समजून जाणकाराला दाखवावे.

आता जवळ येऊ. 1935 साली लिऑन ॲबी ह्या कृष्णवर्णी अमेरिकन वादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजला. पुढे क्रिकेट स्मिथ हा ट्रम्पेटवादकही तेथे आला. त्यांच्याकडून शिकायला जी मंडळी तयार होती, त्यांतली पुष्कळशी तेरेखोलपलीकडच्या गोव्याची. चर्चच्या शाळेत त्यांनी स्वरलिपी घोटलेली. हळदोण्याचे आंतोनियु वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, ह्यांना लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हेही ट्रम्पेटवादक. त्यांनी पुढे ‘आमचें नशीब’ हा कोंकणी चित्रपट काढला. चिक चॉकलेट 1951 च्या ‘अलबेला’त आपल्या बँडसह पडद्यावर दिसतात. त्याचे संगीत आपल्या सी. रामचंद्रांचे, आणि नायक भगवानदादा एका गिरणी कामगाराचा मुलगा.

ते गाणे आजही वरातीत वाजते. पण त्या काळच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव येई. मागे फुंकणाऱ्या वीस-पंचवीस जणांचे सहसा येत नसे. पाळी संपली, पैसे घेतले, घरी गेले. अमेरिकेत हीच गत होती म्हणून 1 ऑगस्ट 1942 पासून तेथील वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. रेकॉर्ड एकदा वाजवून घेतात आणि ती कायम वाजत राहते, मग त्यातला वाटा आम्हाला का नाही, असा त्यांचा सवाल होता. व्हिक्टर व कोलंबिया ह्या बड्या कंपन्यांना अखेर नोव्हेंबर 1944 मध्ये तडजोड करावी लागली.

वाद्य घडवणाराही कामगारच. मेरठला 1885 साली सुरू झालेल्या नादिर अली कंपनीची वाद्ये देशभरच्या लग्नाच्या बँडांत वाजली. पत्रा वळवणाऱ्याची, डाख देणाऱ्याची, पोचा काढणाऱ्याची सही त्यांवर नसते.

लिलाव फक्त मोठ्या सहीला बोली लावतो. म्हणून लहान सहीची काळजी आपणच घेतली पाहिजे. तुमच्या माळ्यावर आजोबांचे किंवा मामांचे एखादे कॉर्नेट असेल, तर ते भंगारवाल्याच्या काट्यावर जाण्यापूर्वी पेटी उघडून आत पाहा. चोरी किंवा अदलाबदल होऊ नये म्हणून वादक तेथे आपले नाव खरवडून ठेवत. ते नाव, तो कोठे व कोणाबरोबर वाजवत असे, आणि वाद्य घरात कोणत्या साली आले, एवढे एका कागदावर लिहून पेटीतच ठेवा. एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. वाद्य विकावे लागले तरी हरकत नाही. गरज कोणाला चुकली आहे? पण ते नावासकट विकावे. ज्याच्या घरी ते जाईल, त्याला निदान कळेल की हे कोणाच्या श्वासाने वाजत होते.