ट्रायटन बनवायचीय? आधी आरसी काढा!

रविवारी पहाटे खोपोलीत जुन्या हायवेला उभे राहा, घाटाकडे निघालेले बुलेटवाले दिसतील. म्हणजे कर्जत-खालापुरात कस्टम बाइकचं गॅरेज टाकायचा तुमचा विचार वाईट नाही. पण बऱ्याच जणांच्या डोक्यात ट्रायटन असते: नॉर्टनची चेसिस, त्यात ट्रायम्फचं इंजिन. 1960च्या दशकात इंग्लंडची पोरं अशाच गाड्या जोडायची.

आपल्याकडे मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी, पाना नंतर. नाहीतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. मालक म्हणजे कोण? तुमचं गिऱ्हाईक! एकदा अडकलं की परत येतंय कशाला?

त्यापेक्षा जुनी बुलेट घ्या. डिझाइन ब्रिटिशच, 1955पासून मद्रासला बनलेली, 346 सीसी. इंजिन-चेसिस तीच ठेवून टाकी, सीट, क्रोम यांचं काम करा. मजुरी त्यातच सुटते. रंग बदललात तर तोही आरसीवर चढवावा लागतो, बरं का.

गाडी आत घेतानाच इंजिन आणि चेसिस नंबरचा फोटो काढून आरसीशी ताडा. जुळला नाही तर अ‍ॅडव्हान्स घेऊ नका.